ऊन छपरावर, शोध माळ्यावर

देवनहळ्ळीत एप्रिलच्या दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून पाहावा. पहिले दोन-तीन तांबे उघड्या नळीत तापलेले असतात, ते हाताला चटका देतात. त्यामागून टाकीतलं पाणी येतं, तेही चांगलं कोमट. तोंडावर गार पाण्याचा हबका मारायला गेलेला माणूस वैतागून परत येतो. त्याच नळाखाली जानेवारीच्या पहाटे हात धरला तर बोटं आखडतात. पाणी तापतं, पण नको तेव्हा. आणि हवं तेव्हा निवलेलं असतं. घरगुती गरम पाण्याचा सगळा पेच या दोन वेळांच्या मधल्या अंतरात आहे. ज्या कल्पनेचा इथे समाचार घ्यायचा आहे, ती हेच अंतर विसरते.

कल्पना अशी. उतरत्या छपराखाली, माळ्यावर दुपारी भट्टीसारखं तापतं. ही उष्णता फुकट जाते, शिवाय खालच्या खोल्या तापवते. तर माळ्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं टाका, त्यातून घरातलं पाणी फिरवा, तिथेच टाकीत साठवा. पाणी तापेल, घर निवेल, गीझरचं बिल वाचेल. एका दगडात तीन पक्षी. विमानतळाच्या परिसरात बंगले बांधणाऱ्यांच्या गप्पांत ही कल्पना फिरून फिरून येते. ती मांडणारी माणसं मूर्ख नसतात. बरेचदा इंजिनिअर असतात आणि परदेशात राहून आलेली असतात. म्हणूनच तिला हसून सोडून देणं बरोबर नाही. आकडे मांडून उत्तर द्यायला हवं.

आधी जागा पाहू. टिपू सुलतानाचं जन्मगाव, जुना किल्ला आणि चकोत्याच्या बागा, म्हणजे आपल्या पपनसाच्या, ही देवनहळ्ळीची पूर्वीची ओळख. २४ मे २००८ रोजी शेजारी बेंगळुरूचा विमानतळ सुरू झाला आणि बागांच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या उत्तरेला सव्वातेरा अंशांवर. हवा बेंगळुरूसारखीच. बेंगळुरूचा आजवरचा उच्चांक ३९.२ अंश, २४ एप्रिल २०१६ चा. नीचांक ७.८ अंश, तोही पार १३ जानेवारी १८८४ चा. एरवी जानेवारीच्या पहाटे पारा १५-१६ अंशांवर असतो, जुलैच्या दुपारी २८ च्या आसपास. नागपूरकर ज्याला उन्हाळा म्हणतील असा उन्हाळा इथे जेमतेम दोन महिने.

आणि माळे किती? गावातल्या बहुतेक घरांवर सपाट स्लॅब आहे. तिथे माळा म्हणजे स्वयंपाकघरावरची सामान टाकायची फळी, कानडीत जिला अट्ट म्हणतात. किल्ल्याच्या आतल्या जुन्या वस्तीत कौलारू घरं आहेत, त्यांना खरा माळा आहे. पण मंगळुरी कौल चुन्यात बसवत नाहीत, एकात एक अडकवून वाशांवर नुसतं टेकवतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात या कौलांचा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून रचना तीच आहे. दोन कौलांमधल्या फटींतून पाऊस आत येत नाही, पण तापलेली हवा वर निघून जाते. कौलारू घरात दुपारी झोप लागते ती याच गळतीमुळे. या माळ्यावरची उष्णता साठवायची म्हणजे आधी फटी बुजवाव्या लागतील, म्हणजेच घर मुद्दाम तापवावं लागेल.

राहिले नवे बंगले. त्यांवर काँक्रीटचा उतरता स्लॅब, वर शोभेची कौलं, आत पीओपीचं खोटं छत, आणि दोहोंच्या मध्ये कोंडलेली हवा. कल्पनेचा खरा मतदारसंघ हाच. यापुढचा वाद याच माळ्यापुरता.

हिशेब किचकट नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. चार माणसांच्या चार बादल्या, प्रत्येकी २० लिटरची. बोअरचं पाणी २४-२५ अंशांचं असतं, आंघोळीला ४२ अंश पुरतात. म्हणजे रोज चौदाशे किलोकॅलरी, पावणेदोन युनिटांच्या आतबाहेर. गरज एवढीशीच आहे, हे लक्षात असू द्यावं.

आता माळ्यावरची हवा. हजार चौरस फुटांचा माळा, आढ्याशी पाच फूट उंच आणि कडेला शून्य: आत साधारण ७० घनमीटर हवा. देवनहळ्ळीच्या उंचीवर, ४५ अंशांवर, तिचं वजन जवळपास ७० किलो. ती एका अंशाने निवली की १७ किलोकॅलरी सुटतात. सगळ्या माळ्याची हवा सपाटून दहा अंश निववली तरी हाती येतात १७० किलोकॅलरी. एक बादली पाणी साडेआठ अंशांनी तापलं, संपलं. माळ्यावर डोकं घातल्यावर तोंडावर जी धग येते, तिचा जीव एका बादलीचाही नाही. हवा पटकन तापते कारण तिला तापायला फारसं काही लागत नाही. तोच गुण उलट बाजूने पाहिला तर दारिद्र्य आहे.

यावर कल्पनेचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि बरोबर म्हणतात, की हवा काही डब्यात बंद केलेली नाही. स्लॅब तिला सतत तापवत राहतो. मान्य. प्रश्न मग असा होतो की तापलेल्या हवेतून नळीतल्या पाण्यात उष्णता किती वेगाने उतरेल. स्थिर हवा उष्णता द्यायला अतिशय चिकट असते. नळीच्या एका चौरस मीटर पृष्ठभागातून, हवा आणि पाणी यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागे, दहा वॉट मिळाले तरी खूप झालं. अर्ध्या इंची, म्हणजे बाहेरून १५ मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी शंभर मीटर अंथरली तर पृष्ठभाग होतो पावणेपाच चौरस मीटर. एप्रिलच्या दुपारी, सरासरी बारा अंशांचा फरक धरून, ही शंभर मीटर नळी साडेपाचशे वॉट देईल. चार तासांत सव्वादोन युनिट.

म्हणजे एप्रिलमध्ये काम होतं. हे उघड मान्य करायला हवं, कारण या कल्पनेला "अशक्य" म्हणणारे टीकाकार तिचं भलंच करतात. कोणीतरी एप्रिलमध्ये प्रयोग करतो, चार बादल्या कोमट पाणी निघतं आणि टीकाकार खोटा पडतो. एप्रिलमध्ये पाणी तापेलच. पण एप्रिलमध्ये देवनहळ्ळीत गरम पाण्याने आंघोळ कोण करतं?

जुलै घ्या. आभाळ भरलेलं, बाहेर २८, माळ्यावर ३० किंवा ३१. पाणी २५ चं. फरक सुरुवातीला पाच-सहा अंशांचा आणि पाणी तापत जाईल तसा कमी होत जाणारा. संध्याकाळपर्यंत २८-२९ अंशांचं पाणी मिळालं तर नशीब. डिसेंबर-जानेवारीत ऊन लख्ख असतं पण हवा गार. दुपारी माळा ३२-३३ वर गेला तरी रात्रभरात टाकीतली ती कमाई निम्मी उडालेली. आणि आंघोळ सकाळी सहाला.

इथे एक गोष्ट सुटते, आणि तीच या वादाचा कणा आहे. बेंगळुरूच्या पट्ट्यात थंडीत आकाश निरभ्र असतं. छपराच्या दर चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच युनिटांच्या वर ऊर्जा पडते. साधा सौर बंब हे ऊन थेट घेतो. त्याला हवा गार आहे का गरम, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. उलट त्याचा पत्रा दक्षिणेकडे २३ अंशांनी कलता ठेवायचा, अक्षांश अधिक दहा, असा प्लंबरांचा ठोकताळा आहे तो खास थंडीसाठी. सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्याला समोरून गाठता यावं म्हणून. दोन चौरस मीटरचा पत्रा शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेतो, हे भारतातलं सर्वमान्य प्रमाण. माळा हे ऊन कधीच थेट बघत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती उन्हाची तिसऱ्या हाताची बातमी: आधी कौल तापतं, मग काँक्रीट, मग हवा. दर हस्तांतराला वाटेत वारा आणि आकाश आपला हिस्सा काढून घेतात. शिवाय पाच-सहा इंची स्लॅब पार व्हायला उष्णतेला चार-पाच तास लागतात, त्यामुळे स्लॅबची खालची बाजू सर्वांत तापलेली असते ती दिवेलागणीला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा हा प्रकार.

हा धडा जगाने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोक शेतावर काळ्या रंगाची टाकी उन्हात ठेवून पाणी तापवत. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचीच ती आजी. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये असल्या टाक्या काच लावलेल्या लाकडी खोक्यात बसवल्या आणि 'क्लायमॅक्स' नावाने त्याचं पेटंट घेतलं. दुपारी पाणी मस्त तापे, सकाळपर्यंत निवे. १९०९ मध्ये विल्यम बेलीने दोन कामं वेगळी केली: ऊन झेलायला काचेखाली नळ्या, आणि पाणी साठवायला घरात, उबदार आवरणातली टाकी. त्याने कंपनीचं नावच 'डे अँड नाइट' ठेवलं. आज बेंगळुरूच्या गच्च्यांवर दिसणारा प्रत्येक सौर बंब बेलीचा वंशज आहे. काळा पृष्ठभाग, वर काच, मागे उष्णतारोधक आवरण. या तिन्हींमुळे तो आसपासच्या हवेपेक्षा तीस-चाळीस अंश वर जातो. माळ्यापाशी यातलं एकही नाही. माळ्यावर नळी टाकणं म्हणजे बेलीच्या आधी, केम्पच्याही आधी जाऊन उभं राहणं.

पुरस्कर्त्यांकडे एक भारी उदाहरण असतं, ते जपानचं. तिथे ओकुमुरा अकिओ या वास्तुकाराने १९८० च्या दशकात 'ओएम सोलर' नावाची पद्धत रूढ केली. छपराखालची तापलेली हवा पंख्याने ओढायची, थंडीत ती जमिनीखाली सोडून घर उबदार ठेवायचं, उरलेल्या ऋतूंत तिच्यावर पाणी तापवायचं. घरं बांधली गेली, लोक त्यांत राहतात, पद्धत चालते. मग देवनहळ्ळीत का चालू नये?

कारण ती हवा माळ्यावरची नव्हे. ओएम सोलरच्या छपरात धातूच्या पत्र्याखाली हवेसाठी एक बारीक पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. हवा वळचणीतून आत शिरते, पत्र्याखालून चढत जाते आणि आढ्याजवळच्या शेवटच्या टप्प्यात पत्र्यावर काच असते, तिथे ती खऱ्या अर्थाने तापते. म्हणजे सगळं छप्परच एक सौर पत्रा म्हणून आखलेलं आहे. आणि मूळ हेतू घर उबदार करण्याचा. पाणी ही बिनथंडीच्या महिन्यांतली जोडकमाई. जिथे घर तापवायची गरजच नाही तिथे तो खटाटोप उरतो फक्त पाण्यासाठी, आणि फक्त पाण्यासाठी तो महाग पडतो. जपानी उदाहरण नीट वाचलं तर ते माळ्याच्या विरोधात साक्ष देतं.

अमेरिकन उदाहरणही असंच अर्धवट सांगितलं जातं. तिकडच्या काही भागांत डांबरी पत्र्यांच्या छपराखाली माळे ५५-६० अंशांपर्यंत तापतात आणि त्या हवेवर पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवण्याची यंत्रं विकली गेली. तलावाला २७-२८ अंश पुरतात. हवा ६० ची आणि पाणी २८ चं, तेही उन्हाळ्यातच हवं असलेलं: जोडी जमते. देवनहळ्ळीतल्या एखाद्या वसाहतीत तरणतलाव असेल आणि कोणाला जानेवारीत पोहायची हौस असेल, तर त्यांनी जरूर विचार करावा.

मग येतो घरगुती युक्तिवाद, आणि तो जपान-अमेरिकेपेक्षा जास्त गोड आहे. आपल्या आज्या वैलावर पाणी ठेवत. चुलीची वाया जाणारी आच वापरायची अक्कल आपल्याकडे होतीच, माळ्याचं वेटोळं ही तिचीच पुढची पायरी. ऐकायला छान वाटतं. पण वैल म्हणजे काय ते आठवून पाहावं. मुख्य चुलीत जाळ धडधडत असतो, भाकरी भाजली जात असते, आणि त्याच जाळाची शेकडो अंशांची आच बाजूच्या भोकातून वैलावरच्या भांड्याच्या बुडाला थेट चाटत असते. तांब्याच्या बंबातही तेच: मधल्या नळकांड्यात काटक्या-शेण्या पेटलेल्या आणि भोवती पाणी. इथल्या जुन्या घरांत बच्चलमनेत, म्हणजे न्हाणीत, चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा असे. त्याचंही तत्त्व तेच. वैल, बंब, हंडा या तिघांनाही ठाऊक होतं की तापमानातला फरक मोठा असेल तर उष्णता धावते, लहान असेल तर रांगते. शिवाय सकाळी चूल पेटायची तेव्हाच सकाळची आंघोळ व्हायची. माळ्यावर फरक दहा अंशांचा आणि वेळ बारा तास उलटी. आज्यांनी हे मान्य केलं नसतं; त्यांनी माळ्यावर पाणी ठेवलं नाही, वाळवणं आणि लाकडं ठेवली.

बरं, पूर्ण तापवायचं राहू द्या, गीझरमध्ये जाण्यापूर्वी पाच अंश वर चढवलं तरी पुष्कळ, असं म्हणणारा एक मवाळ पक्ष आहे. शंभर लिटर पाणी पाच अंशांनी म्हणजे पाचशे किलोकॅलरी, ०.६ युनिटांपेक्षा किंचित कमी. आता पाणी फिरवायला पंप आणि नळीवर हवा सोडायला पंखा लागेल, कारण स्थिर हवेचा चिकटपणा वर पाहिलाच. दोन्ही मिळून शंभर वॉट धरा, पाच तास चालले तर अर्धं युनिट गेलं. नफा ०.१ युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत जुलै २०२३ पासून महिना दोनशे युनिटांपर्यंतची वीज पात्र घरांना फुकट आहे. त्यांना हा नफाही दिसणार नाही. पंपाशिवाय, तापलेलं पाणी आपोआप वर चढतं या तत्त्वावर हे चालवता येतं, पण मग टाकी वेटोळ्याच्या वर, म्हणजे छपरावर न्यावी लागते. टाकी छपरावर, ऊन छपरावर आणि नळी तेवढी खाली अंधारात!

पैशापेक्षा गंभीर गोष्ट आरोग्याची. कोमट पाणी साठवून ठेवणं हा साधा विषय नाही. लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, ३५ च्या आसपास सर्वांत जोमाने. ६० च्या वर तो तग धरत नाही. त्याचं नाव पडलं ते १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीवरून. तो पोटातून नव्हे, शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. माळ्यावरची टाकी वर्षातले बहुतेक दिवस २८ ते ४० अंशांवर राहणार, म्हणजे त्याच्या आवडीच्या पट्ट्यात. ते पाणी पुढे गीझरमध्ये ६० पर्यंत नेलं तर धोका टळतो. पण "दुपारी गीझर लावायचीच गरज नाही" हीच तर या योजनेची जाहिरात आहे.

एका मुद्द्यावर पुरस्कर्त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. देवनहळ्ळीत पाणी बोअरचं, शेकडो फुटांखालून उपसलेलं आणि जड. सौर बंबाच्या नळ्यांत ६० अंशांवर क्षार धरतात, दोन-तीन वर्षांत पांढरा थर बसतो, प्लंबर ॲसिड घेऊन येतो. नंदी डोंगराच्या बाजूने माकडं येतात, ती काचेच्या नळ्यांवर बसतात. माळ्यावरच्या कोमट वेटोळ्यात क्षार कमी धरतील आणि माकडं पोचणार नाहीत. खरं आहे. फक्त, क्षारांवर उपाय आहे तो उष्णता देणाऱ्या पाण्याचा बंद फेरा वेगळा ठेवण्याचा; तसे बंब बाजारात मिळतात. माकडांसाठी चपट्या पत्र्याचा, जाड काचेचा बंब घ्यावा. आणि माळ्यावर दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो वजन, खाली पीओपीचं छत आणि त्याखाली निजलेली माणसं, हेही त्याच वहीत लिहून ठेवावं. गच्चीवरची गळती गच्चीवर दिसते. माळ्यावरची गळती छताला पिवळा डाग पडल्यावर दिसते.

उरला "घर निवतं" हा तिसरा पक्षी. साडेपाचशे वॉट उष्णता वेटोळ्याने काढून घेतली तर खोली थोडी निवेल, हे खरं. पण हजार चौरस फुटांच्या उघड्या स्लॅबमधून दुपारी खाली येणारी उष्णता काही हजार वॉट असते. घर निववायचं तर उष्णता आत येण्यापूर्वी अडवायची. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेने छपरातून उष्णता झिरपण्याची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॉट अशी घालून दिली आहे. साधा उघडा स्लॅब त्याच्या जवळपास तिप्पट झिरपू देतो. तेलंगणाने २०२३ मध्ये छपरांसाठी वेगळं धोरणच आणलं, आणि त्याचा गाभा आहे छप्पर पांढरं ठेवणं. गच्चीला चुना फासणं हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय, त्याला पंप लागत नाही. आणि गंमत इथे आहे: छप्पर पांढरं केलं, वर थर्माकोलचा किंवा विटांचा थर दिला, आढ्याशी हवा जायला झरोका ठेवला, की माळा तापेनासाच होतो. मग वेटोळ्याने तापवायचं काय? म्हणजे योजना यशस्वी व्हायला छप्पर वाईट राहणं आवश्यक आहे. घर निववण्याचं वचन देणारी योजना घर तापत राहण्यावर पोसली जाते, हा विरोधाभास तिच्या पुरस्कर्त्यांनी आजवर गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.

काँक्रीटमध्येच नळ्या पुरण्याचा जोडविचार मात्र वेगळा आहे आणि त्याला असं उडवून लावता येत नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत काँक्रीटच्या थरात ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवून पाणी तापवण्याचे प्रयोग झाले आणि थंडीतही आंघोळीजोगं पाणी मिळालं. कारण उघड आहे: नळ्या उन्हाच्या बाजूला होत्या, आकाशाकडे तोंड करून. उष्णता-पंपाचंही तसंच. तो एक युनिट वीज घेऊन हवेतली उष्णता खेचतो आणि पाण्यात तीनेक युनिट ओततो. १५ अंशांची हवाही त्याला चालते. त्याला माळ्यावर ठेवलं तर थोडा फायदा होईल. पण देवनहळ्ळीची बाहेरची हवा वर्षभर त्याला मानवणारीच आहे, आणि झोपण्याच्या खोलीच्या डोक्यावर पहाटे घरघरणारं यंत्र कोणाला हवंय?

कर्नाटकाने हा प्रश्न मुळात सोडवलेला आहे, हे या वादात कोणी बोलत नाही. २००७ पासून शहरी भागात ठरावीक आकाराच्या वरच्या नव्या घरांना सौर बंब सक्तीचा झाला. बंब लावणाऱ्याला वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला कमाल ५० रुपये सूट मिळे. रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण बेंगळुरूच्या गच्च्या बंबांनी भरल्या त्या अशाच ढकलण्याने. पुण्यात महापालिकेने मिळकतकरात सवलत देऊन हाच मार्ग धरला. अडचणी आहेतच: दाखल्यापुरता लावलेला पत्रा, तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर गरम पाणी येईपर्यंत वाहून जाणारी एक बादली, शेजारच्या टॉवरची सावली. यांवर डोकं लढवायला भरपूर जागा आहे. नळीला आवरण घालणं, टाकी न्हाणीच्या जवळ आणणं ही कामं साधी, कोणी बढाई मारणार नाही अशी, पण कुठल्याही वेटोळ्यापेक्षा जास्त वीज वाचवणारी.

आणि वाया जाणारी उष्णता पकडायचीच हौस असेल, तर तिच्यासाठी देवनहळ्ळी तालुक्यात माळ्याकडे पाहायची गरज नाही. हा दुधाचा मुलूख आहे. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, ३५ अंशांचं, आणि शीतकरणाच्या टाक्यांत ते ४ अंशांवर आणावं लागतं. हजार लिटर दुधातून त्यासाठी साधारण ३५ युनिट उष्णता काढावी लागते; वर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता. तेवढ्यात जवळपास तितकंच पाणी तीस अंशांनी तापू शकतं. त्यातला काही भागच प्रत्यक्षात पकडता येतो, पण तोही माळ्यावरच्या एप्रिलमधल्या सव्वादोन युनिटांपुढे डोंगराएवढा. ही उष्णता खरी वैलाची जात आहे: कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा वायू चांगला तापलेला असतो, तो रोज असतो, जुलैतही असतो, आणि ज्या घटकेला निर्माण होतो त्याच घटकेला कॅन आणि टाक्या धुवायला गरम पाणी हवं असतं. ती पकडणारी उपकरणं दुग्धव्यवसायात जगभर वापरात आहेत. संध्याकाळी सहाला दूध ओतून झालं की शीतकरण यंत्राचा पंखा रस्त्याच्या बाजूला गरम हवेचा झोत सोडत राहतो, रांगेतली माणसं त्याच्यापासून दोन पावलं लांब उभी राहतात, आणि भिंतीच्या आत कॅन धुवायचं पाणी वेगळ्या हीटरवर तापत असतं.